दोन, एक, पाच, बस

अकोल्याच्या ज्या कारखान्यात मी मापनयंत्रांचे काम पाहत असे, तेथे सरकीच्या तेलाचे वनस्पती तूप होई. त्यासाठी हायड्रोजन लागतो. तो पाण्यातून विजेने वेगळा काढून मोठ्या लोखंडी टाक्यांत साठवीत. या वायूत प्राणवायू मिसळू नये, ही पहिली अट. मिसळला आणि कोठे ठिणगी पडली, तर इमारत उरत नाही. म्हणून वायूची शुद्धता सतत मोजावी लागे. ते मोजणारे यंत्र परदेशातून आणलेले होते. त्यात विजेचे जोड असल्यामुळे ते वायूघरात ठेवता येत नव्हते. मधले पटांगण सोडून पलीकडे एक वेगळी खोली बांधली होती. वायू तांब्याच्या बारीक नळीतून तेथपर्यंत येई.

यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात एक प्रकरण दुरून हुकूम देण्याविषयी होते. मूळ योजनेत एक विजेची पेटी होती. खोलीत बसलेल्या माणसाने तबकडीवर आकडे फिरवायचे आणि पेटीने वायूघरातील योग्य तोटी उघडायची किंवा मिटायची. हुकुमाचे चार भाग पुस्तकात सांगितले होते. पहिला, कोणत्या जागेचा वायू हवा. दुसरा, काय करायचे. तिसरा, किती वेळ. चौथा, हुकूम संपल्याची खूण. हुकूम मिळाला की पेटीने तो जसाच्या तसा उलट पाठवायचा. पाठवणाऱ्याने ताडून पाहायचा, आणि तो मंजूर झाल्यावरच तोटी हलायची. मालकांनी यंत्र घेतले, पेटी घेतली नाही. ती महाग होती आणि माणूस स्वस्त होता. पेटीच्या जागी वायूघरात एक माणूस उभा करण्याचे ठरले.

टेलिफोन वायूघरात चालला नसता. त्याच्या घंटीतही ठिणगी असते. जहाजावर असते तशी बोलण्याची लोखंडी नळी पटांगणाखालून टाकली. दोन्ही टोकांना कर्णे बसवले. एका टोकाला बोललेले दुसऱ्या टोकाला सगळ्या घराला ऐकू येई.

हुकुमाची रीत मला ठरवायची होती. ती ठरवायला मला फार वेळ लागला नाही. त्याआधी काही वर्षे मी धामणगाव रेल्वे स्टेशनावर सिग्नलची कामे शिकलो होतो. पुढच्या स्टेशनाकडून गाडीसाठी मार्ग मोकळा असल्याचा निरोप येई. तो ऐकणाऱ्याने शब्दशः परत म्हणायचा, मग पहिल्याने मान्य करायचा, आणि त्यानंतरच गाडी सुटायची. ‘हो’, ‘समजलं’, ‘ठीक’ असल्या उत्तरांना तेथे किंमत नव्हती. ‘हो’ म्हणणाऱ्या माणसाने काय ऐकले, हे त्याच्या ‘हो’वरून कळत नाही.

तीच शिस्त मी नळीवर आणली. पहिला आकडा जागेचा: एक म्हणजे वायू निघतो तेथील पेट्या, दोन आणि तीन म्हणजे टाक्या, चार म्हणजे पुढे वायू दाबून नेणारा पंप. दुसरा आकडा कामाचा: एक म्हणजे बारीक तोटी उघडणे, दोन म्हणजे ती मिटणे, तीन म्हणजे त्या जागेची मोठी वाहिनीच बंद करणे. तिसरा आकडा मिनिटांचा; वेळ लागू नसेल तेथे शून्य. शेवटी ‘बस’. ‘दोन, एक, पाच, बस’ म्हणजे दुसऱ्या टाकीची तोटी उघडून पाच मिनिटे वायू येऊ देणे. ऐकणाऱ्याने हे सगळे परत म्हणायचे. बरोबर असेल तर पहिल्याने ‘बरोबर’ म्हणायचे. नसेल, किंवा अपुरे असेल, तर ‘चूक, पुन्हा’. ‘बरोबर’ कानावर येईपर्यंत तोटीला हात लावायचा नाही. नावे नाहीत, पद नाही, रामराम नाही. आठवडाभर सराव घेतला. माणसे हुशार होती. आकडे त्यांना लगेच आले.

दुपारच्या पाळीला यंत्राच्या खोलीत एक वयस्क गृहस्थ बसत. अचलपूरकडच्या एका खेड्यातले शेतकरी कुटुंब. जमीन भावांत वाटली गेल्यावर ते तरुणपणीच कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागले होते. वर्षानुवर्षे रुईची धूळ छातीत गेली होती. चार वाक्ये बोलले की दम लागे. डॉक्टरांनी त्यांना धुळीपासून दूर राहा, नाहीतर फार दिवस नाहीत, असे स्पष्ट सांगितले होते. आमच्या कारखान्यात धूळ नसलेली खोली एकच होती, कारण यंत्राला धूळ चालत नव्हती. ती खुर्ची त्यांना मिळाली. यंत्राचा काटा वाचणे, हुकूम देणे, काटा धोक्याच्या लाल खुणेकडे सरकला तर मोठी वाहिनी बंद करायला सांगणे. हे काम ते नीट करीत. त्यांचा खोकलाही कमी झाला होता.

त्याच पाळीला वायूघरातील तोट्यांवर त्यांचा जावई होता. तो आधीपासून तेथे कामाला होता, आणि लग्न नंतर जुळले. कारखान्यात त्यांना कोणी नावाने ओळखत नसे. सासरे आणि जावई, एवढेच म्हणत.

सासऱ्यांच्या पाळीत मला एक गोष्ट दिसू लागली. काट्याची वाचने ठीक असत, पण खुर्ची कधी कधी रिकामी असे. विचारले तर म्हणत, “पानी प्याले गेलो होतो, सायेब.” पाण्याचा माठ खोलीतच होता. मी तो दाखवला.

एका दुपारी मी खोलीत गेलो, तर खुर्ची पुन्हा रिकामी होती आणि काटा चढत होता. मी पाहत असतानाच तो लाल खुणेला टेकला. मी कर्ण्यात विचारले, “वायूघरात कोण आहे?”

उत्तर आले, “बोला, सायेब.”

आवाज सासऱ्यांचा होता.

“तुम्ही तिथे काय करता?”

“तोटी पाहून राहिलो, जी.”

“कोणती तोटी उघडली?”

“दोनची. आताच उघडली.”

“दोन, तीन, शून्य, बस.”

“दोन, तीन, शून्य, बस,” ते म्हणाले. एका अक्षराचा फरक नव्हता.

“बरोबर.”

दुसऱ्या टाकीची मोठी वाहिनी बंद झाली. मी पंप थांबवायला लावला. पुढे तपासणीत आढळले की वायू काढणाऱ्या एका पेटीतील, दोन वायू वेगळे ठेवणारा पडदा फाटला होता आणि प्राणवायू टाकीत येत होता. तो पंपापर्यंत पोचला असता तर हे लिहायला मी राहिलो नसतो.

त्या दिवशी झाले ते असे. सासऱ्यांनी नळीवर दुसऱ्या टाकीचा हुकूम दिला. पलीकडून जावयाने आकडे परत म्हटले नाहीत, तो म्हणाला, “हो, मामाजी.” वायूघरात त्या वेळी गोंगाट होता, आणि त्याच्या मनात आधीचा, तिसऱ्या टाकीचा हुकूम घोळत होता. त्याने तिसऱ्या टाकीची तोटी उघडली. काटा हलला नाही, तेव्हा सासऱ्यांना शंका आली. रीतीप्रमाणे त्यांनी तेथेच ‘चूक, पुन्हा’ म्हणायला हवे होते. ते उठले, पटांगण ओलांडून गेले, जावयाला काही न बोलता तिसरी तोटी मिटली आणि दुसरी उघडली. दुसऱ्या टाकीचा दूषित वायू तेव्हा यंत्राकडे निघाला. तो यंत्रापर्यंत पोचला आणि काटा चढला, तेव्हा काटा पाहणारा माणूस पटांगणाच्या दुसऱ्या बाजूला होता.

हे ते नेहमीच करीत आले होते.

मी दोघांना बोलावले. आधी जावयाला विचारले, “आकडे परत का म्हणत नाहीस? सरावात म्हणत होतास.”

“सरावात तुमी बोलत होते, सायेब.”

“मग?”

“आता मामाजी बोलतात. त्याइचे शब्द त्याइलेच परत म्हनू? लहानपणी मोठ्या मानसाचं बोलनं असं परत म्हनलं तर बाप थोबाडीत मारे. म्हने, वेडावतो काय?”

“हे वेडावणे नव्हे.”

“मले ठाव हाये. पन तोंड उघडत नाही. ‘हो, मामाजी’ निघून जाते.”

मग सासऱ्यांकडे वळलो. “त्याने ‘हो’ म्हटले की तुम्ही ‘चूक’ का म्हणत नाही?”

“सायेब, मांडवात मी त्याचे पाय धुतले. सगळ्या गावासमोर. त्याले नळीतून चूक म्हनू? तिकडं पंधरा मानसं ऐकून राहिले असतात.”

“नळी माणूस ओळखत नाही.”

“नळी नाही ओळखत. पन नळीच्या त्या टोकाले मानूस असते ना.”

मी म्हणालो, “पटांगण ओलांडायला लागणाऱ्या वेळात इमारत जाते. तुमचा जावई त्याच इमारतीत असतो.”

त्यांनी मान हलवली. पण मान हलवणे हेही ‘हो’ म्हणण्यासारखेच आहे. त्यातून काही कळत नाही.

कारखान्याचे व्यवस्थापक पुण्याचे होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. “नवल आहे,” ते म्हणाले. “तुमच्या वऱ्हाडात येऊन मला दोन वर्षे झाली. मला माझ्या तोंडावर ‘काहून ओरडता?’ म्हणून विचारतात. आणि या गृहस्थांना एक ‘चूक’ म्हणवत नाही?”

“जावयाला म्हणवत नाही.”

“मग जावयाला हलवा.”

मी अडचण सांगितली. तोट्यांचे काम शिकलेली माणसे तिन्ही पाळ्यांना मिळून मोजकी होती. कोणालाही उचलून तेथे उभे करता येत नव्हते. काटा वाचायला मात्र प्रयोगशाळेतील कोणीही बसू शकत होता.

“मग सासऱ्यांना हलवा. सरकीच्या गोदामात जागा आहे.”

सरकीच्या गोदामात सरकीला चिकटलेल्या रुईचे तंतू दिवसभर उडत असतात. डॉक्टर काय म्हणाले होते, ते मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, “शनिवारी दुपारी मी स्वतः खोलीत बसेन. एकही अपुरे उत्तर त्यांनी ‘चूक’ न म्हणता सोडले, तर सोमवारी ते गोदामात. मला माणसापेक्षा इमारत आधी बघावी लागते.” त्यांचे म्हणणे योग्य होते. मी तसेच बोललो असतो.

ही गोष्ट त्याच दिवशी कारखानाभर झाली. नेमका अधिक महिना चालू होता, आणि जावई नुकताच सासुरवाडीला धोंडे खाऊन आला होता. वायूघरातील माणसांनी त्याला धारेवर धरले.

“काहो जवाईबुवा, कितीक धोंडे हाणले?”

“त्याले मोजता येत असतं तर दोनची तोटी नसती का उघडली?”

“आता सासरा म्हनन, ‘चूक, धोंडे परत आन!’”

जावई हसला नाही. पान्हा उचलून तो तोटी तेल लावून मोकळी करत बसला.

शुक्रवारी सासरे माझ्याकडे आले. म्हणाले, “सायेब, एक बोलू? मी नुसता आकडा परत सांगितला, ‘चूक’ न म्हनता, तर चालन काय?”

“नाही. पहिला हुकूम रद्द झाला की नाही, हे त्याला कळत नाही. दोन हुकूम एकमेकांत मिसळतात.”

“मंग ‘जवाईबुवा, चूक’ म्हनलं तर?”

“नाव नाही. उद्या दुसऱ्या कोणाची पाळी असेल आणि नळीत ‘जवाईबुवा’ ऐकू आले, तर तो गोंधळेल.”

“मंग ‘चूक’च म्हना लागन.”

“म्हणावेच लागेल.”

ते गेले. मी नियम सैल केला नाही. आजही करणार नाही.

शनिवारी दुपारी व्यवस्थापक आले. त्यांच्यासाठी दुसरी खुर्ची ठेवली होती, पण ते उभेच राहिले. वाळ्याचा पडदा भिजवलेला होता तरी खोली तापली होती. सासऱ्यांनी धोतराचा सोगा सावरला, टोपी सरळ केली आणि कर्ण्याजवळ वाकले.

“एक, एक, पाच, बस.”

“एक, एक, पाच, बस,” जावयाचा आवाज आला. मोठा आणि स्पष्ट.

“बरोबर.”

काटा आला, स्थिरावला. वाचन टिपले. तोटी मिटण्याचा हुकूम गेला, तसाच परत आला. मग तिसरी टाकी. तोही नीट गेला. व्यवस्थापकांनी घड्याळ पाहिले. आणखी काही हुकूम झाले. सासऱ्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. त्यांनी तो पुसला नाही.

मग त्यांनी दुसऱ्या टाकीचा हुकूम दिला. “दोन, एक, पाच, बस.”

पलीकडे कोणीतरी लोखंड आपटले. जावई कोणत्या तरी वाहिनीवर जोर लावत असावा. त्याचा आवाज दबलेला आला.

“हो, मामाजी.”

सासऱ्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर गेला. ते अर्धे उठले. ती सवय होती, त्या क्षणी त्यांनी काही ठरवले होते असे मला वाटत नाही. व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहिले. मी काट्याकडे पाहिले. काटा जागेवर होता.

नळीत पलीकडचा आवाज थांबला होता. वायूघरातील सगळी माणसे गप्प झाली होती, हे येथे समजत होते. त्यांना मामाजींचे काय होणार, हे ऐकायचे होते. सासरे खाली बसले. दम लागला होता. त्यांनी एकदा घसा साफ केला.

“चूक.”

हा शब्द त्यांच्या तोंडून इतका हळू निघाला की मला वाटले, नळीत गेलाच नाही. पण गेला असावा, कारण पलीकडे कोणीतरी हातातले लोखंड खाली ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी पुढे एवढेच म्हटले, “पुन्हा.” या वेळी जावयाने आकडे परत म्हटले.

“दोन, एक, पाच, बस.”

“बरोबर.”

दुसऱ्या टाकीचा वायू आला. काटा शुद्धतेच्या बाजूला स्थिर राहिला. व्यवस्थापकांनी आणखी एक हुकूम ऐकला, मग दाराकडे वळले. बाहेर पडताना मला म्हणाले, “राहू द्या यांना इथंच.” सासऱ्यांना ते ऐकू आले की नाही, ते मी पाहिले नाही. त्यांनी वाचन टिपले आणि पुढचा हुकूम दिला.

पाळी संपल्यावर वायूघरातून माणसे बाहेर पडली, तेव्हा कोणीतरी जावयाला म्हणाले, “मामाजीनं चांगलंच झापलं बुवा आज.”

जावई म्हणाला, “मामाजीनं मले म्हनलं. तुमाले काय झालं?”

मला वाटले होते की प्रकरण येथे संपले. काही दिवसांनी जावई माझ्याकडे पाळी बदलून मागायला आला.

“का?” मी विचारले.

“मामाजी घरी येत नाहीत, सायेब. बायको वाट पाहते. आधी दर आठवड्याले येत. आता वाटेत दिसले तर दुसऱ्या रस्त्यानं निघून जातात.”

“तुझ्यावर रागावले आहेत?”

“नाही हो. मी काहून रागवू, अन् ते काहून? त्याइलेच लाज वाटते. मले चूक म्हनलं म्हनून. मी म्हनलं बायकोले, मले काई वाटलं नाही. तिनं जाऊन सांगितलं. तरी येत नाहीत.”

“नळीवर बोलतात?”

“नळीवर बोलतात. काल मी मुद्दाम ‘हो, मामाजी’ म्हनून पाहिलं. लगेच ‘चूक, पुन्हा’. जरासुद्धा थांबले नाहीत.”

“तोटी उघडली होतीस?”

“नाही, जी. हातबी नव्हता लावला.”

“पुन्हा असे करू नकोस.”

“नाही करत. पन पाळी?”

मी पाळी बदलली नाही. दुसऱ्या एका पाळीला तोट्यांवर जो माणूस होता, तो आकडे परत म्हणण्यात नेहमी कसूर करी, आणि त्याला ‘चूक’ म्हणताना कोणालाही काही वाटत नव्हते. म्हणून तो सुधारतही नव्हता. जावयाकडून त्या शनिवारनंतर, त्याने मुद्दाम केलेली ती एक वेळ सोडली तर, एकही हुकूम अपुरा परत आला नाही. कारखान्यात सर्वांत सुरक्षित पाळी ती होती. हे कारण मी दोघांनाही सांगितले नाही. सांगण्याची गरज नव्हती.

पुढे मी अमरावतीला दुसऱ्या कामावर गेलो, तोपर्यंत सासरे त्या खुर्चीवर होते. खोकला पुष्कळ कमी झाला होता. निरोपाच्या दिवशी ते खोलीच्या दारापर्यंत आले, पण बाहेर आले नाहीत. काटा पाहायचा होता. मुलीच्या घरी ते जाऊ लागले की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारले नाही.